नोकरी ठेवून सेवा की पगार सोडून विश्वासाने सेवा? इंदूरच्या कुटुंबासाठी

पीथमपूरच्या कारखान्यात पाळीने काम करायचे आणि बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा घ्यायची, असे विश्वासू इंदूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत आहेत. पाळी बदलते, सभा चुकते, आणि एक दिवस मनात येते की नोकरी सोडावी, देव पुरवील. मग कुणी मत्तयाचा ६वा अध्याय उघडून देव पोसतो ती आकाशातली पाखरे दाखवतो. कुणी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले ५:८ पुढे करतो, की घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारला आहे. दोन्ही वचने खरी आहेत, पण एकट्या वचनावर बोट ठेवून हा निर्णय होत नाही. दोन्ही वाटांवर महिना कसा निघतो ते जवळून पाहावे लागते.

पगार म्हणजे अविश्वास आणि लोकांनी दिलेल्या अर्पणावर जगणे म्हणजे विश्वास, अशी वाटणी पवित्र शास्त्रात नाही. निर्गमाच्या १६व्या अध्यायात रानातल्या इस्राएल लोकांसाठी मान्ना हे अन्न आकाशातून येई, पण माणशी १ ओमर, म्हणजे साधारण २ लिटर, रोज सकाळी वाकून गोळा करावा लागे. ऊन चढले की तो वितळे. उद्याच्या भीतीने ठेवला तर किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची आज्ञा होती आणि तो साठा टिकला. कष्टही होते, साठाही होता, आणि पुरवणारा देवच होता.

प्रेषित पौलाने तर एकाच शहरात दोन्ही केले. करिंथात तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करी (प्रेषितांची कृत्ये १८:३). सीला व तीमथ्य मासेदोनियाहून आल्यावर तो वचन सांगण्यात गढून गेला (१८:५), आणि त्याची गरज मासेदोनियाच्या बंधूंनी भागवल्याचे तो स्वतः लिहितो (करिंथकरांस दुसरे पत्र ११:९). सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगावे, हा प्रभूचा नियमही त्यानेच सांगितला (पहिले पत्र ९:१४), आणि करिंथकरांपुढे तो हक्क त्याने वापरला नाही.

नोकरीच्या वाटेचा मोठा फायदा म्हणजे मोकळी जीभ. उपदेश करताना समोरच्या बाकावर आपला किराणा भरणारा बसलेला नसतो. मिशनरी विल्यम केरी बंगालमध्ये आधी निळीच्या कारखान्याचे काम पाहत, आणि १८०१पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि पुढे संस्कृत व मराठी शिकवत. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण छापले गेले. कॉलेजचा बहुतेक पगार बंगालमधल्याच श्रीरामपूर मिशनच्या सामाईक निधीत जाई. पगार घेऊनही पगारावर न टेकणे कसे असते, ते इथे दिसते.

या वाटेवर बिघाड हळू होतो. २८,००० पगार असेल तर २,८०० दशमांश पगार जमा होईल त्याच दिवशी अर्पणाच्या पाकिटात घालावा. महिनाअखेरीवर सोडला की पाकीट हजारावर येते, कारण तोपर्यंत पेट्रोल, लग्नाचा आहेर आणि गॅस यांनी आपला वाटा घेतलेला असतो. दुसरी खूण रविवारच्या ओव्हरटाइमची. एखाद्या रविवारी अडचण म्हणून जावे लागणे वेगळे, आणि ओव्हरटाइम धरूनच हप्ता बांधून घेणे वेगळे. असा हप्ता बांधला की भरवसा कशावर गेला आहे ते कळते. लूक १२मधल्या श्रीमंताला भरपूर पीक आले हा त्याचा दोष नव्हता. “जिवा, तुला पुष्कळ वर्षांचे साठवलेले आहे” असे तो स्वतःलाच सांगत बसला, तिथे तो चुकला.

पगार सोडणाऱ्यांसमोर दोन नावे नेहमी येतात. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. मराठी मातीत मिशनच्या पगारापासून मोकळी सेवा उभी राहावी ही त्यांची तळमळ होती. इंग्लंडमधले उपदेशक जॉर्ज म्युलर यांनी १८३०मध्ये ठरलेला पगार सोडला. पुढे ब्रिस्टलला हजारो अनाथ मुले सांभाळली, पण गरज माणसांना न सांगता फक्त देवाला सांगितली आणि कर्ज काढले नाही. त्यांचे अनुकरण करणारे एक गोष्ट विसरतात: म्युलर पैशापैशाचा हिशेब ठेवत आणि दरवर्षी अहवाल छापत. मागणे नव्हते, पण लपवणेही नव्हते.

आता आकडे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या चौघांचे उदाहरण धरू: भाडे ९,०००, सियागंजातून भरलेला किराणा आणि दूध-भाजी मिळून ८,५००, शाळेची फी महिन्याला वाटून ५,०००, वीज-गॅस-पेट्रोल ३,५००, गावी आईवडिलांना २,०००, औषधे १,०००. बेरीज २९,००० होते, दशमांश वेगळा. अर्पणावर जगणाऱ्याचा घोटाळा या बेरजेत होत नाही, तो एप्रिलमध्ये होतो. त्या महिन्यात आपल्या मुलांची फी येते, आणि आधार देणाऱ्यांच्या मुलांचीही. गरज वाढते तेव्हाच अर्पण घटते. इंदूरच्या मराठी कुटुंबांना बराच आधार अहिल्यानगर, जालना, पुण्याकडच्या नातलगांच्या मंडळ्यांतून येतो. ती माणसे दर रविवारी भेटत नाहीत, त्यामुळे वर्षभरात विसर पडणे साहजिक आहे. मग मोबाइलवर यूपीआयचा मेसेज वाजला का, हे दिवसातून दहादा पाहिले जाते. पगाराची जागा दात्याने घेतली, आणि मन होते तिथेच राहिले. या वाटेचा हा सर्वांत मोठा धोका आम्हाला वाटतो, उपासमारीपेक्षाही मोठा.

कायद्याची बाजूही नीट पाहावी. नातेवाईक नसलेल्यांकडून आर्थिक वर्षात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली, तर पूर्ण रक्कम करपात्र धरली जाते, फक्त वरची नव्हे. सेवेसाठी परदेशातून पैसे थेट स्वतःच्या खात्यात मागवू नयेत. त्यासाठी विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते, ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच येऊ शकतात, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्थाही ते दुसऱ्याकडे वळवू शकत नाही. राजीनाम्याआधी सेवेची वर्षे मोजा: ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग ५ वर्षे लागतात, पीएफच्या पेन्शनला १०. नऊ वर्षे चार महिन्यांवर उतावळेपणाने सोडणे हा विश्वास नव्हे. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून कुटुंबाचा स्वतंत्र विमा आधीच सुरू करा. जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो.

आमचे मत स्पष्ट आहे. मुले शाळेत असतील आणि कर्ज बाकी असेल, तर नोकरी ठेवा आणि सेवेला जागा करा: पाळी बदलून मागा, सभा बुधवारऐवजी शनिवारी घ्या. कर्ज फिटले असेल, पती-पत्नी दोघांचे मन एक असेल (एकाचे ‘हो’ पुरत नाही), आणि मंडळीच्या वडिलांनी (ज्येष्ठ पुढाऱ्यांनी) देवाचे पाचारण ओळखून लेखी पाठिंबा दिला असेल, तर पगार सोडायला भिऊ नका. देव तिथेही पुरवतो, आणि तो पुरवठा इतका नेमका असतो की पगारात तो दिसलाच नसता.

सोडण्याआधी सहा महिने एक गोष्ट करा. अर्पणातून जेवढे येईल असे वाटते, समजा १८,०००, तेवढ्यातच घर चालवा आणि उरलेला पगार वेगळ्या खात्यात टाका. वही ठेवा: तारीख, काय हवे होते, काय आले, कुणाकडून. शेजारणीने दिलेला वाटीभर मसाला आणि कुणी भरलेली फी, दोन्ही लिहा. त्या सहा महिन्यांत एप्रिल आलाच पाहिजे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती वही पत्नीसमोर आणि मंडळीच्या एका वडिलांसमोर उघडा. निर्णय त्यांच्याबरोबर बसून करा, उपवास-प्रार्थना करूनच करा, आणि तोवर राजीनाम्याचा अर्ज लिहू नका.