आयपीएमआय की रेडफिश? सर्व्हरच्या बीएमसीला हात कुठून घालायचा

नवीन सर्व्हर आलेत, बीएमसीला (सर्व्हर दुरून सांभाळता यावा म्हणून मदरबोर्डवर असलेली वेगळी छोटी चिप) आयपी दिलाय, आता पॉवर आणि कन्सोल रिमोटने कशातून चालवायचं ते ठरत नसेल तर माझा अनुभव सांगतो. बीएमसीशी बोलायची जुनी पद्धत म्हणजे आयपीएमआय, त्यावर बरीच वर्षं काढली, आता बहुतेक सगळं नव्या पद्धतीवर, रेडफिशवर आहे.

आधी आयपीएमआयची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. आयपीएमआयटूल हे कमांड-लाइन टूल एकदा हाताला बसलं की मशीन कुठल्या का कंपनीचं असेना, कमांड तीच. रात्री बूट अडकलं तर सोल (सीरियल ओव्हर लॅन) लावायचं, सीरियल कन्सोल सरळ टर्मिनलमध्ये. हे सुख रेडफिशमध्ये मला अजून तसं मिळालेलं नाही. आणि फार जुन्या मशीनवर तर दुसरा पर्यायच नसतो.

घोडं पेंड खातं ते सिक्युरिटीत. आयपीएमआय २.० हे २००४ चं. लॉगिन होताना समोरचा कोण आहे हे कळायच्या आधीच बीएमसी पासवर्डपासून काढलेला हॅश त्याच्या हातात देतं, युजरनेम बरोबर असलं की पुरे, पुढे पासवर्ड सापडेपर्यंत त्याला तो हॅश स्वतःच्या मशीनवर निवांत फोडत बसता येतं. सिक्युरिटी संशोधक डॅन फार्मर यांनी २०१३ मध्येच यावर सविस्तर लिहिलं होतं, पण भानगड प्रोटोकॉलमध्येच असल्यामुळे फर्मवेअर अपडेटने ती जात नाही. मग पासवर्ड लांबलचक ठेवा म्हणावं तर कमाल मर्यादा २० अक्षरं.

तरी हे सगळं वेगळ्या व्हीलॅनमध्ये (बाकी नेटवर्कपासून तोडलेल्या भागात) ठेवून चालवता येतं, आम्हीही चालवलं. मला खरा वैताग आला तो माणसं बदलताना. टीममधला कोणी नोकरी सोडून गेला की प्रत्येक बीएमसीवर पासवर्ड बदला, कारण अकाउंट प्रत्येक मशीनमध्ये वेगळं आणि पासवर्ड मात्र सगळीकडे एकच. मग बॅकअपच्या कुठल्यातरी स्क्रिप्टमध्ये जुना पासवर्ड राहिलेला असतो, एखादं मशीन त्या दिवशी बंद असतं म्हणून सुटतं, आणि ते सुटलंय हे सहा महिन्यांनी कळतं. शिवाय सगळे एकाच अकाउंटने शिरतात, त्यामुळे रात्री पॉवर कोणी ओढली याचं उत्तर लॉगमध्ये सापडत नाही. हे दर वेळी व्हायचं.

रेडफिश डीएमटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये आणलं, एचटीटीपीएसवरून जेसन (साध्या मजकुरातला डेटा). अ‍ॅडमिन, ऑपरेटर, रीड-ओन्ली असे रोल आहेत, लेव्हल तशा आयपीएमआयमध्येही होत्या, पण इथे बीएमसी एलडॅपला (सगळ्यांची अकाउंट एका जागी ठेवणाऱ्या डिरेक्टरीला) जोडलं की माणूस गेल्यावर एका जागी अकाउंट बंद केलं की विषय संपला. मॉनिटरिंगला रीड-ओन्ली दिलं, आणि आमच्या मशीनवर लॉगमध्ये नाव दिसायला लागलं. माझ्यापुरतं पारडं इथेच झुकलं.

त्रास यातही आहे. काही कंपन्या एलडॅपसाठी वेगळं लायसन्स मागतात, विकत घ्यायच्या आधीच विचारून घ्या. स्क्रिप्टने काम झाल्यावर सेशन डिलीट केलं नाही तर सेशन भरतात आणि बीएमसी कोणालाच आत घेत नाही. सर्टिफिकेट सेल्फ-साइन्ड (स्वतःच सही केलेलं) असतं म्हणून सगळे कर्ल कमांडला बिनदिक्कत 'के' (सर्टिफिकेट तपासू नकोस) लावतात, तसं केलं तर एचटीटीपीएसचा अर्धा फायदा तिथेच गेला, स्वतःच्या सीएचं (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या यंत्रणेचं) सर्टिफिकेट चढवा. आणि रेडफिश म्हणजे बिनधास्त असं मुळीच नाही, २०२५ मध्ये एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमध्ये रेडफिशमधूनच लॉगिन न करता आत शिरता येईल असं भोक उघड झालं, गंभीरता १० पैकी १०. म्हणजे दोन्हीपैकी काहीही घ्या, बीएमसी इंटरनेटवर नको, जंप होस्टमधूनच (मधल्या एका राखलेल्या मशीनमधून) जायचं.

तुमच्याकडे चार-पाच मशीन आणि सांभाळणारे एक-दोन जणच असतील तर आयपीएमआय चालून जाईल, माझी हरकत नाही. टीम मोठी असेल, माणसं येत-जात असतील तर मी रेडफिशच घेईन आणि आयपीएमआय ओव्हर लॅन (नेटवर्कवरून चालणारं) बंद करून टाकीन. एक लोकल अकाउंट मात्र ठेवाच, एलडॅप पडलं तर लागतं. सर्व्हरच्या आतून चालणारं आयपीएमआयही राहू द्या, बीएमसीचा पासवर्ड हरवला तर सर्व्हरच्या रूट (सर्वाधिकार असलेल्या) अकाउंटवरून नवा लावता येतो. पण मशीन दुसऱ्याला भाड्याने देणार असाल तर तेही बंद करा, कारण मग रूट त्याच्याकडे असतो.