बायोमेडिकलचा कोर्स आणि पोकळ व्हेंटिलेटर

रुग्णालयातली यंत्रं सांभाळायला शिकवणाऱ्या बायोमेडिकल कोर्सला मी प्रवेश घेतला, त्या दिवशी संस्थेनं प्रयोगशाळा दाखवली. हृदयाला विजेचा शॉक देणारा डिफिब्रिलेटर, ईसीजी मशीन, शिरेतून ठरावीक वेगानं औषध सोडणारे दोन इन्फ्युजन पंप, कोपऱ्यात व्हेंटिलेटर. मी भारावून गेलो. ‘चालू करून दाखवा’ एवढं म्हणायचं मात्र सुचलं नाही.

पहिलं सत्र फळ्यावरच्या ब्लॉक डायग्राममध्ये गेलं. मशीनला हात लावायचा नाही, ‘महागडी आहेत’. दुसऱ्या सत्रात सर रजेवर असताना आम्ही तिघांनी व्हेंटिलेटरचं मागचं झाकण उघडलं. आत ना हवा ढकलणारं टर्बाइन, ना हवेचा प्रवाह मोजणारा फ्लो सेन्सर. नुसती धूळ आणि कापलेल्या वायरी. पंपांवर कॅलिब्रेशनचे, म्हणजे मोजमाप तपासल्याचे, स्टिकर होते खरे, पण सगळ्यांवर एकच तारीख आणि एकाच हातचं अक्षर. पंपाचा प्रवाह मोजणारा अ‍ॅनालायझर संस्थेत कधी आलाच नव्हता!

खरा फटका नोकरीच्या मुलाखतीत बसला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “डिफिब्रिलेटरवर २०० ज्यूल लावले, तर तेवढेच बाहेर पडतात हे कसं तपासाल?” मी म्हणालो, स्क्रीनवर बघून. त्या हसल्या नाहीत, हेच जास्त लागलं. “ते तर मशीन स्वतःबद्दल सांगतंय. अ‍ॅनालायझरच्या ५० ओम लोडवर, म्हणजे शरीराऐवजी लावलेल्या रोधावर, शॉक सोडून मोजायचं.” मग लीकेज करंट, म्हणजे मशीनमधून रुग्णाकडे झिरपणारी वीज. थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या सीएफ प्रकारच्या भागाला नेहमीच्या स्थितीत मर्यादा १० मायक्रोअँपिअर, शरीराला लागणाऱ्या पण थेट हृदयाशी न जोडल्या जाणाऱ्या बीएफला १००. हे आकडे मी तिथे पहिल्यांदा ऐकले.

‘रुग्णालयातली इंटर्नशिप’ म्हणजे स्टोअरमध्ये बसून मशीनचे सिरीयल नंबर वहीत उतरवणं. ‘नोकरीची हमी’ म्हणजे फोनवरून ग्लुकोमीटर खपवणं. प्रवेशावेळी तोंडी ‘इंजिनिअर’ म्हणत होते, प्रमाणपत्रावर ‘टेक्निशियन’ छापून आलं. टेक्निशियन असण्यात कमीपणा काहीच नाही, पण कुठली पदवी, कुणाची मान्यता, हे लेखी घ्या.

क्षेत्र खोटं नाही. रुग्णालयातली देखभाल, कंपनीची फील्ड सर्व्हिस, डॉक्टर-नर्सना मशीन शिकवणारे अ‍ॅप्लिकेशन स्पेशलिस्ट, आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या मानकाप्रमाणे क्वालिटीची कागदपत्रं सांभाळणारे, अशी कामं आहेत. म्हणून तर असल्या दुकानांना गिऱ्हाईक मिळतं. बघायला गेलात तर मशीनचा प्लग लावायला सांगा, लीकेज करंट मोजणारा सेफ्टी अ‍ॅनालायझर मागा आणि मागच्या बॅचच्या मुलांशी एकट्यानं बोला. संस्थेनं समोर बसवलेल्यांशी नव्हे.

फी परत मागितली आहे. उत्तर आलं, ‘प्रात्यक्षिकांची हजेरी पूर्ण आहे.’ हजेरीच्या वहीवर सह्या माझ्याच आहेत. दर शनिवारी न वाचता केलेल्या.