खारवण्यासाठी स्टोनवेअरची बरणी: जुनी घ्यावी की नवी?

कोबी किंवा काकडी मिठाच्या पाण्यात मुरवायची, तर स्टोनवेअरच्या, म्हणजे कडक आचेत भाजून दगडासारख्या घट्ट झालेल्या मातीच्या, रुंद तोंडाच्या बरणीला तोड नाही. अडतं ते पुढे: शंभर वर्षांपूर्वीची शोधायची की नवी आणायची?

जुनीचा मोह मला पुरता कळतो. मीठ-झिलईच्या बरणीवरून बोट फिरवलं की संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे लागतात. ही करामत जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या कुंभारांची. भट्टी १२०० अंश सेल्सिअसच्या वर गेली की ते आत मीठ टाकत. वाफेतलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी एकजीव होऊन भांड्याला काचेचा थर चढे. इंग्लंडमध्ये जॉन ड्वाइट या कुंभाराला १६७२ मध्ये स्टोनवेअरचं पेटंट मिळालं. या झिलईला शिसं लागत नाही, हा तिचा मोठा गुण. लाल मातीच्या भांड्यांवरच्या शिशाच्या झिलईतून आंबट पदार्थांत शिसं उतरू शकतं. निळी नक्षी दिसते ती कोबाल्टची, कारण एवढ्या आचेत टिकणारे रंग मोजकेच. पुढे एकोणिसाव्या शतकात गुळगुळीत, सायीच्या रंगाची ब्रिस्टल झिलई आली. अमेरिकी बरण्यांच्या पोटावरचा आकडा बहुधा गॅलनचा असतो. एक गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर. लोणी, खारवलेलं मांस, पाणी, सगळं यांतच राही. मग काचेच्या बरण्या, पत्र्याचे डबे आणि फ्रीज आले.

पण जुन्या बरणीत आधी काय ठेवलं होतं, हे कोण सांगणार? शिवाय केसाएवढ्या तड्यात खारं पाणी शिरलं की आतल्या आत मिठाचे खडे धरतात आणि झिलईचे पापुद्रे सुटतात.

नवीत ही धास्ती नाही, फक्त ती खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित असल्याची खूण बघून घ्या. काहींच्या काठाला पाण्याची खाच असते. तिच्यात पाणी भरून झाकण ठेवलं की मुरताना होणारा वायू बाहेर पडतो, हवा आत येत नाही. जुनीत बशी आणि वर वजन ठेवून भागवावं लागतं, आणि वर बुरशी धरते का ते सारखं पाहावं लागतं.

म्हणून मुरवायला मी नवीच घेईन, तीही दहा लिटरच्या आतली, कारण भरलेली बरणी उचलताना कंबर धरते. जुनी धान्याला, लाकडी डाव-पळ्यांना छान. जुनीतच खारवायचं असेल, तर आधी टिचकी मारा: खणखणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे. मग पाण्याने भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला, तर तिच्यात फक्त कोरडं सामान ठेवा.