बेचाळीसशेची टोपी

स्वस्तात घेतलं आणि फसलो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माझं उलटं झालं. मी सायकलचं हेल्मेट महाग घेऊन फसलो, आणि तेही स्वस्त घेणाऱ्याला दोन वर्षं हसून झाल्यावर.

मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. रिपोर्टात शुगर निघाली तेव्हापासून सायकल सुरू केली. पहाटे साडेपाचला आम्ही सहा-सात जण तापीचा पूल ओलांडून यावलच्या रस्त्याला लागतो. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, गार हवा, आणि परतताना टपरीवर चहा. (चहात साखर असते. ती गोष्ट घरी सांगायची नाही असं ठरलेलं आहे.) आमच्यातले अप्पा मूळचे शिरपूरकडचे. त्यांच्या डोक्यावर ११०० रुपयांचं हेल्मेट. मी त्याला 'थर्माकोलचा डबा' म्हणायचो. अप्पा काही बोलायचे नाहीत.

एका रविवारी त्याच टपरीवर एक माणूस कार घेऊन आला. अंगात सायकलवाल्यांची जर्सी, बोलणं एकदम मोकळं. डिक्की उघडली तर आत आठ-दहा चकचकीत हेल्मेट. युरोपला जाणारा लॉट कस्टममध्ये अडकला, म्हणून काढून टाकतोय. खोक्यावर किंमत १४,५००, तुम्हाला ४,५००. मी घासाघीस करून ४,२०० वर आणलं आणि आपण किती हुशार म्हणून खूशही झालो.

त्याचं बोलणं सगळं खोटं असतं तर मी सावध झालो असतो. पण तो बारा आणे खरं बोलत होता. आतला पिवळा पातळ थर दाखवून म्हणाला, ही मिप्सची सिस्टीम. डोकं सरळ आपटत नाही, तिरकं घासतं. त्या पिळाने मेंदूला इजा होते. हा थर थोडा सरकतो आणि तो पीळ कमी करतो. हे खरंच आहे. मिप्स हे स्वीडनमध्ये निघालेलं तंत्र आहे. त्यातला थर बारीक लवचिक खुंट्यांवर धरलेला असतो आणि धक्का बसला की दहा-पंधरा मिलिमीटर कुठल्याही दिशेला सरकतो.

मग त्याने हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि त्यावर उभा राहिला. चांगला नव्वद किलोचा गडी. हेल्मेटला चीर नाही. 'बघा काका, आणि हजारवालं हाताने दाबून बघा.' अप्पांचं खरंच बोटाने किंचित दबलं. झालं, मी मोबाईल काढला. पैसे गेले कुठल्याशा मोबाईल शॉपीच्या नावावर. बिल व्हॉट्सॲपवर येणार होतं. ते अजून येतंय.

अप्पांनी एवढंच विचारलं, 'कितलाले लिधं?' मी आकडा सांगितला. त्यांनी बशीत चहा ओतला.

ऑगस्टमध्ये पडलो. रात्री पाऊस झालेला, कुण्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर लोण्यासारखी पसरलेली. वळणावर पुढचं चाक गेलं. वेग वीसच्याही आत असेल. खांदा आधी टेकला, मग डोक्याची डावी बाजू. पुढची दहा-पंधरा मिनिटं मला आठवत नाहीत. 'आज कोणता वार?' असं मी म्हणे पाच-सहा वेळा विचारलं. कानावर सहा टाके पडले. ते रस्त्याने नाही घातले. हेल्मेटचं वरचं प्लास्टिक फुटलं आणि त्याची धार लागली. सीटी स्कॅन स्वच्छ निघाला. एक रात्र दवाखान्यात ठेवून सोडलं. चांगलं हेल्मेट असतं तर काहीच झालं नसतं असं मी म्हणणार नाही. पण आत काय निघालं ते सांगतो.

भाचा जळगावला इंजिनिअरिंगला आहे. तो भेटायला आला तेव्हा ते फुटलेलं हेल्मेट हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. म्हणाला, 'मामा, दुसरं एखादं मिळेल का कापायला?' अप्पांचं जुनं झालंच होतं, ते नवीन घेणारच होते. त्यांनी आपला थर्माकोलचा डबा आणून दिला. अंगणात हॅकसॉने दोन्ही मधोमध कापली.

अप्पांच्या हेल्मेटात बारीक, एकसारख्या दाण्यांचा घट्ट फोम. वरचं पातळ कवच त्या फोमला साच्यातच चिकटलेलं, नखालासुद्धा फट सापडेना. माझ्यात वर जाड कडक प्लास्टिक, मग बोटभर पोकळी, आणि आत टीव्हीच्या खोक्यात येतो तसला पॅकिंगचा थर्माकोल, तोही दोन तुकडे गोंदाने जोडलेले. चिमटीत धरला तर साबुदाण्यासारखे दाणे सुटून आले. हनुवटीचा पट्टा फोममधून ओवलेला नव्हता, नुसता प्लास्टिकला रिबीट मारलेला. एका बाजूचा रिबीट उपटलेला. आणि तो पिवळा थर, ज्यासाठी मी भाळलो, तो दुतोंडी चिकटपट्टीने गच्च बसवलेला. सरकणार कसा?

चांगल्या महागातल्या हेल्मेटातही शेवटी थर्माकोलच असतो, हे मला त्या दिवशी कळलं. फरक घनतेचा आणि घडणीचा. आपल्याकडे गाडीत केळी भरताना खाली पाल्याची गादी का घालतात? गादी दबते म्हणून फणी वाचते. लोखंडी पत्रा कितीही मजबूत असो, त्यावर केळं आपटलं तर काळंच पडणार. हेल्मेटातला फोम तसाच चिरडण्यासाठी असतो. तो चिरडायला जो क्षणाचा भाग लागतो तेवढ्यात डोक्याचा वेग हळू होतो. म्हणून ते एकदाच वापरायचं. जोरात आपटलं की बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं. आणि म्हणूनच त्यावर उभं राहून दाखवणारा माणूस फक्त कवच कडक आहे एवढंच दाखवत असतो. मी तेवढ्यावर बेचाळीसशे मोजले.

नंतर स्टिकर वाचले. आधी वाचायला हवे होते. एकाच हेल्मेटवर तीन सुरक्षा मानकांचे शिक्के: युरोपचा ईएन १०७८, अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा सीपीएससी आणि खाली आपला आयएस ४१५१. आता ४१५१ हे मोटारसायकल-स्कूटरच्या हेल्मेटचं मानक. १ जून २०२१ पासून त्या हेल्मेटना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. पावभर वजनाच्या, भोकं-भोकं असलेल्या सायकलच्या हेल्मेटवर त्याचं काय काम? ईएन १०७८ खरं असेल तर आत बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, माप, वजन, बनल्याचं वर्ष आणि तिमाही लिहावी लागते. माझ्यात नाव नव्हतं, वर्ष नव्हतं, वजन मात्र होतं: २४० ग्रॅम. कापलेले दोन्ही तुकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवले. ४१० भरले.

महाग आणि स्वस्त यातलं खरं काय, ते भाच्याने दोन दिवस बसून मला समजावलं. अमेरिकेत मार्च १९९९ नंतर बनलेल्या प्रत्येक सायकल हेल्मेटला सीपीएससीची चाचणी पार करावी लागते, मग ते पंधरा डॉलरचं असो की अडीचशेचं. दोन मीटरवरून लोखंडी ऐरणीवर पाडतात, म्हणजे ताशी बावीस किलोमीटरचा आघात. गरम करून पाडतात, गोठवून पाडतात, पाण्यात भिजवून पाडतात. गरम म्हणजे ४७ ते ५३ अंश. हे ऐकून मला हसू आलं. आपल्या मे महिन्यात त्यांना भट्टीची गरज पडली नसती. तिथल्या बायसिकल हेल्मेट सेफ्टी इन्स्टिट्यूटने काही अगदी स्वस्त आणि काही अगदी महाग हेल्मेट प्रयोगशाळेत पाडून पाहिले, तर आघात झेलण्यात जवळजवळ फरक निघाला नाही. जास्तीचे पैसे जातात ते हलकेपणाला, वारा खेळायच्या भोकांना, मागच्या आवळायच्या चकतीला, रंगाला आणि नावाला. मिप्सचं वेगळं. त्या पिळाचा हिशेब जुन्या सरळ पाडण्याच्या चाचणीत येत नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून तोही धरून सायकलच्या हेल्मेटना तारे देतं, आणि तिथेही किंमत वाढली म्हणून तारे वाढले असं दिसत नाही. खरं मिप्स असेल आणि परवडत असेल तर जरूर घ्या. वारा खेळणारं हेल्मेटही आपल्या उन्हात चैन नव्हे, कारण उकाड्याने लोक ते काढून हँडलला अडकवतात.

तक्रारीचं थोडक्यात. माणसाचा नंबर बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी बिल विचारलं. पैसे ज्या नावावर गेले त्याचा स्क्रीनशॉट जोडून पोलिसांत अर्ज दिला आहे. बेचाळीसशे परत येतील असं मी धरून चाललेलो नाही. पण टपरीवरचा चहावाला सांगत होता, त्या दिवशी अजून चौघांनी घेतली. त्यातले दोघे मला माहीत आहेत, त्यांना दाखवायला तुकडे घेऊन गेलो. एकाने लगेच काढून ठेवलं. दुसरा म्हणाला, 'साहेब, तुमचं डुप्लिकेट असेल, माझं ओरिजिनल आहे.' त्याच्या आतल्या पिवळ्या थराला मी बोट लावून पाहिलं. गच्च. तो तरी घालूनच फिरतो. तुमच्याकडे असलं हेल्मेट असेल तर निदान एवढं करा, त्याचं वजन करा आणि तो थर हलतो का बघा.

मी नवीन घेतलं, १३५० रुपयांचं, दुकानातून, पक्क्या बिलावर. आत कंपनीचं नाव, पत्ता, महिना-वर्ष सगळं छापलेलं. घालून मान जोरात हलवली, कपाळावरून सरकलं नाही. भुवयांच्या वर दोन बोटं, हे भाच्याने मोजून घेतलं. अप्पा पूर्वी मागे सरकवून घालायचे, त्यांनाही त्याने दम दिला. घरी येताना कोपऱ्यावर थांबून हेल्मेट काट्यावर ठेवलं. लिहिलं होतं २९०, भरलं २९५.

किराणावाला म्हणाला, 'काका, आता टोपीपण वजनावर घेता का?'

अप्पा मागे उभे होते. दोन वर्षांत पहिल्यांदा ते मोठ्याने हसले.