खोडव्यातलं पाचट: पेटवायचं, गाठी बांधायच्या की सरीत दाबायचं?

एका एकरातला ऊस तुटून गेला की मागे साधारण 3 ते 4 टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, राहतं. तोडणी ऐन थंडीत जोरात असते आणि बरेच फड संध्याकाळी, वारा पडल्यावर पेटवले जातात. आग आटोक्यात राहते खरी, पण त्या वेळी जमिनीलगतची हवा गार होऊन बसलेली असते. धूर वर चढत नाही, रात्रभर वस्तीवर रेंगाळतो. त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो शेजारच्या रानात खोपी घालून राहिलेल्या तोडणी मजुरांच्या लेकरांना.

पेटवल्यावर रान झटपट मोकळं होतं, मजुरी वाचते, पाणी सरळ पळतं; हे फायदे खोटे नाहीत. पालाशही बराचसा राखेत उरतो. नत्र आणि सेंद्रिय कर्ब मात्र जवळपास सगळा जातो, आणि बुडख्यांचे डोळे भाजून खोडव्यात, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकात, नांग्या (मोकळ्या जागा) पडतात.

बेलरने, म्हणजे पाचट गोळा करून दाबणाऱ्या यंत्राने, गाठी बांधल्या तर धूर नाही आणि चार पैसे हाती येतात. पण गाठींबरोबर एकरी 16 ते 20 किलो नत्र आणि 30 ते 40 किलो पालाश रानाबाहेर जातं. रानात ओल असताना बेलर घातला तर चाकांखाली बुडखे चेंगरतात.

खोडवा ठेवायचा असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: पाचट सरीत दाबा. बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत घ्या, बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. उंच राहिलेल्या बुडख्याला वरचे डोळे फुटतात आणि तो फुटवा कमजोर निघतो. छाटलेल्या बुडख्यांवर लिटरभर पाण्याला 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारा. मग पाचटावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक शेणखतात मिसळून पसरा. लगेच पाणी द्या आणि पाचट पायाने दाबा, म्हणजे ते मातीला चिकटेल. साडेतीन-चार महिन्यांत ते कुजतं.

बिघडतं ते इथेच. युरिया वाचवला तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. युरिया टाकून पाणी लांबवलं तर नत्र हवेत उडतं. पुढची खतं पाचटावर फेकू नका. बुडख्यापासून 10 ते 15 सेंमीवर पहारीने 15 ते 20 सेंमी खोल भोक घेऊन द्या. पहिल्या पाण्याला सरी तुंबते, तेव्हा दाऱ्यावर (सरीत पाणी सोडायच्या तोंडाशी) माणूस ठेवावाच लागतो.

15 फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये. त्या रानात पाचटाची यंत्राने कुट्टी करून ती रोटाव्हेटरने मातीत मिसळा, किंवा गाठी द्या.