सणाच्या पंगतीवरचा विनोद आणि त्यानंतरची थाळी

संक्रांतीच्या आठवड्यात सोलापुरात स्टँडअप कॉमेडीचा एक कार्यक्रम झाला. तीन कलाकारांचा सुमारे पावणेदोन तासांचा प्रयोग आणि त्यानंतर भोगीची थाळी, असे 600 रुपयांचे एकत्र तिकीट होते. फसलेली सणाची जेवणे, घरोघरच्या रूढी आणि नटनट्यांचे वेड हे विषय जाहिरातीतच सांगितले होते. पहिल्या दोन कलाकारांसाठी हा कार्यक्रम अवश्य पाहावा, असे माझे मत आहे. तिसऱ्या कलाकाराविषयी आणि थाळीविषयी मात्र तक्रार आहे, आणि ती सविस्तर मांडणे आवश्यक वाटते, कारण सणाच्या जेवणावर विनोद कसा जमतो आणि तो कोठे घसरतो, हे या एकाच संध्याकाळी फार स्पष्टपणे दिसले.

सुरुवात करणारी तरुणी शहराच्या पूर्व भागातील विणकर कुटुंबात वाढलेली होती. घरात आजीशी तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात गरजेपुरते कन्नड, असे बालपण तिने दोन-तीन वाक्यांत उभे केले आणि लगेच ती तिळगुळावर आली. चिक्कीचा गूळ वापरला, पाक पाण्यात टाकून पाहिला, त्याची गोळी ताटलीवर आपटल्यावर टणकन वाजली, आणि तेवढ्यात फोन आल्यामुळे कढई आणखी थोडा वेळ गॅसवर राहिली, एवढ्या तपशिलातच सभागृहातील बायका हसू लागल्या होत्या. पुढे काय होणार, हे त्यांना ठाऊक होते. त्या लाडवाने आजोबांची कवळी कशी अडकली आणि ‘गोड बोला’ असे सांगून दिलेल्या तिळगुळामुळे घरातील कोणालाच बराच वेळ तोंड कसे उघडता आले नाही, हे तिने एकही शब्द न उच्चारता, केवळ जबडा हलवून दाखवले. एखाद्या कलाकाराने हीच गोष्ट ‘आमच्या घरचे लाडू दगडासारखे होते’ एवढ्यावर उरकली असती. तिने आधी पाक बिघडवून दाखवला, म्हणून लाडू खरा वाटला.

तिचा भोगीच्या भाजीवरील भाग तर मला संपूर्ण कार्यक्रमातील सर्वोत्तम वाटला. हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, गाजर, वांगी, शेंगदाणे, तिळाचे कूट, काही घरांत बोरे आणि उसाचे करवे, असे सगळे एका पातेल्यात पडते, आणि ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे बजावून ते प्रत्येकाच्या ताटात वाढले जाते. नव्या जावयाच्या तोंडात नेमके अख्खे बोर जाते. त्याची बी आता थुंकावी, गिळावी की गालात धरून ठेवावी, या विवंचनेत तो सासऱ्यांच्या प्रश्नांना हुंकाराने उत्तरे देतो, आणि सासरे समजतात की जावई फार नम्र आहे. हसून हसून पुरेवाट झाली असताना तिने सहजपणे एक गोष्ट पुढे केली: या सगळ्या वेळात तिची आई स्वयंपाकघरातच होती, आणि भाजी कशी झाली होती हे आईला दुपारी साडेतीन वाजता, पातेल्याच्या तळाशी उरलेल्या घासावरून कळले. त्या वाक्यावर कोणी हसले नाही, आणि तिनेही हशाची वाट पाहिली नाही. ती लगेच भाकरीकडे वळली. वहिनीने केलेल्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या वाढेपर्यंत वाळून कडक झाल्या, तेव्हा सासूने त्यांची चळत बांधून पुण्याच्या नातेवाइकांकडे ‘सोलापूरची प्रसिद्ध कडक भाकरी’ म्हणून पाठवून दिली, हा तिचा शेवटचा किस्सा होता. आपल्याकडे मुद्दाम वाळवून टिकवलेली कडक भाकरी दुकानांतून विकली जाते, हे माहीत असणाऱ्या प्रेक्षकांनी तो किस्सा डोक्यावर घेतला.

दुसरा कलाकार वयाने थोडा मोठा आणि बोलण्यात सावकाश होता. त्याचा विषय घराण्यातील रूढी हा होता आणि त्यासाठी त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली एक सोलापुरी चादर सोबत आणली होती. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चादरीचा आपल्या लग्नसमारंभांत खरा उपयोग पांघरण्यासाठी होत नसून आहेर म्हणून फिरवण्यासाठी होतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या आजीने एका चादरीच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक फुली मारून ती विहिणीला दिली, आणि काही वर्षांनी धाकट्या नातवाच्या मुंजीत तीच चादर, तीच फुली घेऊन, चौथ्याच पाहुण्याच्या हातून परत आली. चादर मधल्या काळात कोणकोणत्या घरांतून गेली असेल, याचा माग आजी प्रत्येक नातेवाइकाला फोन करून काढते, तो भाग त्याने आजीच्या आवाजात सादर केला. त्यात नात्यागोत्यांतील रुसवेफुगवे, जुनी देणीघेणी आणि मानपान इतक्या नेमकेपणाने आले की हळदीकुंकवाच्या वाणातील डब्यांवरचा पुढचा भाग त्यापुढे फिका वाटला. तो भाग गाळला तरी चालेल.

सिद्धेश्वर यात्रेचा उल्लेख त्याने केला, तेव्हा मी थोडी सावध झाले, कारण श्रद्धेच्या विषयावर स्वस्त हशा मिळवणे सोपे असते. त्याने तसे केले नाही. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता टाकायला सारे शहर जमते, पांढऱ्या बाराबंदीतील माणसे मानाचे सात नंदीध्वज पेलून आणतात, आणि सिद्धेश्वरांच्या या प्रतीकात्मक लग्नात निमंत्रणपत्रिकेवर कोणाचे नाव आधी छापले, जिलेबी कमी का पडली, असे एकही भांडण होत नाही, एवढेच त्याने म्हटले. मग आपल्याच चुलतभावाच्या लग्नातील रुखवतावरून झालेला तंटा सांगून दोन्ही लग्ने शेजारी ठेवली. विनोद माणसांच्या हट्टांवर झाला, यात्रेवर झाला नाही, आणि तो भेद त्याने कटाक्षाने पाळला.

त्याच ओघात त्याने अमेरिकेतील मावसभावाच्या घरचे थँक्सगिव्हिंगचे जेवणही आणले. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे आख्खा टर्की पक्षी भाजतात, त्याच्या मांड्या नीट शिजेपर्यंत छातीचे मांस कोरडे पडते, आणि तरीही दरवर्षी तोच पक्षी आणून सगळे जण त्याची स्तुती करतात. तिकडच्या विनोदवीरांना हा कोरडा टर्की वर्षानुवर्षे पुरला आहे. आपल्याकडे सणाच्या जेवणाला नावे ठेवणे अशुभ मानले जात असल्यामुळे हा विनोद कीर्तनात, भारुडात किंवा तमाशाच्या बतावणीत सासू-सुनेच्या तोंडूनच अधिक येत असे. आता तो मंचावर स्वतःच्या नावानिशी सांगितला जातो, याचे मला मनापासून समाधान वाटते.

तिसऱ्या कलाकाराने नटनट्यांच्या वेडाचा विषय घेतला होता आणि त्याची सुरुवात चांगली झाली. सराफाच्या किंवा साड्यांच्या दालनाच्या उद्घाटनाला आलेला तारा तीन तास उशिरा पोहोचतो, आणि माइक हातात येताच सोलापुरात शेंगा चटणीचे, कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्याचे, नागपुरात सावजीचे नाव घेऊन टाळ्या मिळवतो, हे त्याचे निरीक्षण अचूक होते. त्यानंतर मात्र शिळ्या कढीला ऊत आणण्याचा प्रकार सुरू झाला. जुलै 2024 मधील अंबानींच्या घरच्या लग्नावरचे जे विनोद त्या वेळी प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेले, तेच त्याने क्रम बदलून सांगितले. अभिनेत्रींच्या वजनावर आणि वयावर त्याने केलेल्या शेरेबाजीला तर विनोद म्हणवत नाही. पुढच्या रांगांतील मुली त्या वेळी गप्प बसल्या होत्या, याची त्याने नोंद घ्यायला हवी होती.

खरे तर या विषयाला आपल्या जिल्ह्याइतकी सुपीक जमीन क्वचितच मिळेल. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे आणि अकलूजची रिंकू राजगुरू ही नावे 2016 च्या ‘सैराट’ चित्रपटानंतर घराघरांत पोहोचली. तेव्हापासून त्यांच्याशी कुठून तरी पाव्हणपण निघते असे सांगणारे, नाही तर चित्रीकरण चालू असताना आपण तेथेच उभे होतो असे सांगणारे लोक प्रत्येक लग्नाच्या पंगतीत भेटतात. पहिल्या दोघांनी आपापल्या स्वयंपाकघरात आणि आपापल्या कपाटात डोकावून विनोद आणला होता. तिसऱ्याने या पंगतीत नुसते बसून कान दिला असता, तरी त्याचे सादरीकरण वेगळे झाले असते.

आता थाळीविषयी. भाकरी थंड आणि चिवट होती, आणि त्याचे कारण उघड होते: शंभर-दीडशे माणसांच्या भाकऱ्या दुपारीच थापून, डब्यात भरून ठेवल्या होत्या. बाजरीच्या पिठाला गव्हासारखी चिकण नसते, त्यामुळे भाकरी तव्यावरून थेट ताटात आणि तिच्यावर लोण्याचा गोळा, हाच तिचा न्याय आहे. भोगीच्या भाजीत सोलाणे जेमतेम होते, बोरे नव्हतीच, आणि त्यांच्या जागी पनीरचे तुकडे होते, ज्यांचा या भाजीशी काहीही संबंध नाही. शेंगापोळी मात्र उत्तम होती: कडेपर्यंत सारण भरलेले, दाण्यांचे कूट किंचित खरपूस भाजलेले, आणि पोळी मोडताना कडा भुरभुरीत. ती बाहेरून, पोळ्यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या महिलांकडून मागवली होती, असे वाढणाऱ्या मुलाने सांगितले. आयोजकांनी भाकरीसाठीही अशाच दोन महिलांना सभागृहाच्या आवारात तवे मांडून दिले असते, तर ताट निम्मे सुधारले असते, आणि त्यासाठी थोडे अधिक पैसे द्यायला माझी तरी हरकत नव्हती.

ध्वनिव्यवस्था स्वच्छ होती आणि मागच्या रांगेपर्यंत शब्द नीट पोहोचत होते. कार्यक्रम 40 मिनिटे उशिरा सुरू झाला, त्याबद्दल कोणी दिलगिरी व्यक्त केली नाही. पहिले दोन भाग आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहण्यासारखे आहेत. तिसऱ्या भागासाठी शाळकरी मुलांना थांबवू नये. फक्त प्रयोगाचे तिकीट 350 रुपयांना वेगळे मिळत होते, पण ते जाहिरातीत ठळकपणे दिलेले नव्हते आणि खिडकीवर विचारल्यावरच कळत होते. पुढच्या वेळी हेच कलाकार आले, तर मी ते 350 रुपयांचे तिकीट घेईन आणि शेंगापोळ्या त्या महिलांकडून थेट मागवीन.