क्यूरिग के-मिनी: लहान कप पिणार असाल तरच घ्या

क्यूरिगची, म्हणजे एका वेळी एकच कप करणाऱ्या त्या अमेरिकन मशीनची कॉफी पाणचट लागते, ही तक्रार इथे न्यू जर्सीत आपल्या लोकांकडून इतक्या वेळा ऐकलीये की आता कोणी म्हटलं की मी आधी विचारते, कप केवढा घेता? उत्तर ठरलेलं असतं. मोठा मग, काठोकाठ, 12 औंस, आणि पॉड, म्हणजे कॉफी पावडरची ती छोटी बंद डबी, मात्र एकच. मग पाणचट लागणार नाही तर काय होणार! मी बरीच वर्षं के-मिनी वापरतेय, ते सगळ्यात बारकं मॉडेल, 5 इंचापेक्षाही कमी रुंद, मिक्सर आणि राइस कुकरच्या मधल्या फटीत बसतं, आणि माझं ठाम मत आहे की ह्या मशीनमधून चांगली कॉफी मिळते, फक्त कप लहान ठेवायचा.

हिशोब करून बघा ना. साध्या के-कपमध्ये, म्हणजे क्यूरिगच्या पॉडमध्ये, 9 ते 12 ग्रॅम कॉफी असते, आपण 10 धरू. स्पेशॅल्टी कॉफीवाले लोक जे प्रमाण मानतात ते आहे 1 लिटर पाण्याला साधारण 55 ग्रॅम. आता 6 औंस म्हणजे 177 मिली पाणी, त्यात 10 ग्रॅम कॉफी, म्हणजे लिटरला 56 ग्रॅम पडली, बरोब्बर जमलं. 8 औंस घेतलं की 42 वर आलो, अजून चालतंय. 12 औंस म्हणजे 355 मिली, तिथे लिटरला जेमतेम 28 ग्रॅम, अर्धीच कॉफी. ह्यात मशीनची काही चूक नाही, पॉडमध्ये जेवढी पावडर आहे तेवढीच आहे.

आणि नुसती पातळ होते असं नाही, कडूही होते. एकदा मुद्दाम करून बघा, 10-12 औंस पाणी घाला आणि अर्ध्यावर आलं की कप बाजूला घेऊन खाली काचेचा छोटा ग्लास सरकवा. पहिली धार काळपट तपकिरी, घट्ट, वास सुटलेला, आणि शेवटची धार अगदी फिक्की, कोऱ्या चहाच्या रंगाची. ती वेगळी चाखून बघा. गोडवा नाही, वास नाही, नुसता तुरट कडवटपणा. चांगलं जे होतं ते आधीच निघून आलेलं असतं आणि नंतरचं पाणी चोथ्यातलं नको ते घेऊन खाली येतं, आणि आपण तेच सगळं मगात एकत्र करून पितो आणि वर म्हणतो क्यूरिग बेकार.

के-मिनीला कपाच्या साइझचं बटणच नाहीये, एकच बटण. मागे पाण्याची मोठी टाकी पण नाही, तुम्ही वरून जेवढं पाणी ओताल तेवढंच खाली येणार. काही लोकांना हे गैरसोयीचं वाटतं, दरवेळी पाणी घालायचं म्हणून, मला उलट हेच आवडतं कारण पाणी रोज ताजं असतं आणि मोजून घातलं जातं. आपला घरातला चहाचा नेहमीचा कप बहुतेक 6 औंसाच्या आसपासच असतो, तोच भरून पाणी घालायचं की झालं. थोडे पैसे जास्त गेले तरी चालत असेल तर के-मिनी प्लस घ्या, त्यात स्ट्राँगचं बटण आहे, 8 औंसच हवी असेल तर ते कामाला येतं.

तापमान ही मात्र खरीखुरी उणीव आहे आणि ती मान्य केली पाहिजे. क्यूरिग मशिन्स पाणी तापवतात साधारण 192 फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे 89 सेल्सिअस, आणि कॉफीला लागतं 195 ते 205. फरक थोडाच दिसतो पण जिभेला कळतो, विशेषतः लाइट रोस्टमध्ये, म्हणजे कमी भाजलेल्या कॉफीत, तिथे कॉफी आंबटसर आणि अर्धवट लागते. म्हणून लाइट रोस्टचे पॉड ह्या मशीनसाठी आणूच नका. मीडियम किंवा डार्क घ्या, त्या जरा कमी गरम पाण्यातही नीट उतरतात. दुसरं म्हणजे सकाळी पहिल्यांदा पॉड न टाकता नुसतं 6 औंस पाणी चालवायचं, मशीन आतून तापतं आणि कपही गरम होतो, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग पॉड. थंडीच्या दिवसात गार सिरॅमिकच्या कपात एवढीशी कॉफी पडली तर ओठाला लागेपर्यंत कोमट होते, त्यामुळे हे करायलाच हवं. दोन-तीन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

आता दूध. आपल्यापैकी बहुतेकांना कॉफी दुधाचीच लागते, आणि इथेच 6 औंसाचा सगळ्यात जास्त फायदा होतो, कारण कॉफी आधीच पातळ असेल तर त्यात दूध घातल्यावर काही उरतच नाही. मी कपात आधी साखर घालते, त्यावर डार्क रोस्ट पाडते, ढवळते, आणि साधारण पाव कप होल मिल्क वेगळं कडकडीत तापवून वरून ओतते. हाफ अँड हाफ, म्हणजे अर्धं दूध अर्धं क्रीम, पण चालतं पण ते फ्रिजमधून थेट घातलं की सगळं गार. निव्वळ दुधातली, आपली फेसाळ लग्नातली कॉफी हवी असेल तर ती ह्यातून होणार नाही, मशीनमध्ये पाण्याऐवजी दूध तर चुकूनही घालू नका, आत करपेल आणि मशीन कायमचं जाईल. एस्प्रेसोची अपेक्षाही ठेवू नका. नेस्प्रेसो ह्या एस्प्रेसो करणाऱ्या पॉडच्या मशीनमध्ये 19 बारचा पंप असतो, क्यूरिगमध्ये तसलं प्रेशर नाही, वरून एक सुई झाकणाला भोक पाडते, खालून दुसरी, आत कागदाची गाळणी, त्यातून गरम पाणी जातं एवढंच. ही मुळात ड्रिप कॉफीच आहे, एका कपापुरती.

पॉडमध्ये एक्स्ट्रा बोल्ड लिहिलेले मिळतात, त्यात पावडर जास्त असते, ज्यांना 6 औंस फारच कमी वाटतं त्यांनी ते घेऊन 8 औंस करावं. मला स्वतःला मात्र सगळ्यात चांगला कप मिळाला तो पॉडच्या जागी बसणाऱ्या, परत वापरायच्या जाळीच्या फिल्टरमध्ये. ताजी दळलेली मीडियम पावडर, जास्तीत जास्त भरायची पण दाबायची नाही. दाबलं की पाणी कडेने पळतं. मी पहिला फिल्टर ऑनलाइन कुठल्याशा कंपनीचा स्वस्तातला घेतला होता, त्याचं झाकण नीट बसायचं नाही आणि कपाच्या तळाशी गाळ यायचा, मग क्यूरिगचाच घेतला आणि प्रश्न मिटला. आणि हो, इंडियन स्टोअरमधली चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पावडर ह्यात घालायचा मोह होतो, नका घालू. ती फार बारीक असते, जाळी तुंबते, पाणी वर साठतं आणि चोथा कपात उतरतो. तिला तिचा स्टीलचा फिल्टरच हवा.

खर्चाचं म्हणाल तर पॉड सेलमध्ये 40-50 सेंटला पडतो, नाहीतर त्याच्या बराच वर. जाळीच्या फिल्टरसाठी वजनाने 12 औंसाची म्हणजे 340 ग्रॅमची पिशवी 12 डॉलरला धरली आणि कपाला 10 ग्रॅम, तर 34 कप होतात, कप पडला 35 सेंटला, तेही चांगल्या कॉफीचा. रोज दोघं पिणारे असाल तर वर्षाला हा फरक चांगलाच जाणवतो.

कचऱ्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. क्यूरिग 1998 मध्ये ऑफिसांसाठी आलं, घरगुती मशीन 2004 मध्ये, आणि ज्या जॉन सिल्व्हनने के-कप शोधला त्यानेच 2015 मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की आपण हे केलं ह्याचं कधीकधी वाईट वाटतं. आता पॉड पॉलिप्रॉपिलीनचे असतात, कागदोपत्री रिसायकल होणारे, पण त्यासाठी वरची फॉइल सोलून चोथा काढून टाकावा लागतो आणि एवढं करूनही बऱ्याच गावांची रिसायकलिंग सेंटर्स ते घेत नाहीत. ह्याच रिसायकलिंगच्या दाव्यांवरून अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2024 मध्ये कंपनीला 15 लाख डॉलरचा दंड केला. तेव्हा तुमच्या टाउनशिपच्या वेबसाइटवर आधी बघा, नुसत्या खोक्यावरच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. जाळीचा फिल्टर वापरायचं माझं अर्धं कारण हेच आहे, चोथा कुंडीतल्या मातीत मिसळता येतो, कढीपत्त्याच्या कुंडीत मी थोडा थोडा घालते.

सफाई सोपी आहे पण चुकवू नका. दर 3 महिन्यांनी डिस्केलिंग करायचं, म्हणजे आत साठलेले क्षार काढायचे, पाणी जड असेल तिथे लवकर. क्यूरिगचं त्यासाठीचं सोल्युशन मिळतं, मी ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्त्वच पाण्यात विरघळवून चालवते आणि मग चवीत आंबटपणा राहू नये म्हणून साधं पाणी तीन-चार वेळा. कप नेहमीपेक्षा कमी भरायला लागला की समजायचं क्षार साठलेत किंवा सुईत चोथा अडकलाय, पेपरक्लिप सरळ करून भोक साफ करायचं, प्लग काढून, आणि बोटं जपून, सुई धारदार असते.

एरोप्रेसशी, म्हणजे हाताने दाबून कॉफी करायच्या त्या नळीशी, तुलना लोक करतात. चवीत एरोप्रेस पुढे आहे, माझ्या मते चांगलंच पुढे, कारण पाणी किती गरम घ्यायचं आणि किती वेळ ठेवायचं हे सगळं आपल्या हातात असतं. पण त्याला वेगळी केटल लागते, दाबत उभं राहावं लागतं, आणि सकाळी सातच्या ट्रेनला पळायचंय, डबे भरायचेत, अशा वेळी एक बटण दाबून तोवर पोळी लाटता येणं ही मोठी गोष्ट आहे. शनिवार-रविवार निवांत असाल तर एरोप्रेस काढा.

घरात चार जण एकदम कॉफी पिणारे असतील तर मात्र हे मशीन नका घेऊ. प्रत्येक कपाला नव्याने पाणी तापतं, चौथ्याचा कप होईपर्यंत पहिल्याचा संपलेला असतो. त्यांच्यासाठी साधा ड्रिप मेकर बरा.

आणि भारतात परत जाणाऱ्यांनी सामानात भरू नका. हे 120 व्होल्टचं आहे आणि पाणी तापवताना 1500 वॅटच्या आसपास खेचतं, तिकडच्या 230 व्होल्टवर चालवायला जो ट्रान्सफॉर्मर लागेल तो मशीनपेक्षा जड आणि मोठा असेल. इथेच नव्याने आलेल्या एखाद्या स्टुडंटला देऊन टाका, सोबत जाळीचा फिल्टरही द्या.